परग्रहावरून कोणी आलं, तर त्याला शिवायचं का?



गेल्या महिन्यात पॉइंट कुकच्या आपल्या रविवारच्या बालवर्गात शिकवायची पाळी माझी होती. विषय मैत्री. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेब करुणा आणि मैत्री यांत फरक करतात. करुणा माणसांपुरती, मैत्री तिच्याही पुढे सगळ्या जिवांपर्यंत जाते. हे मुलांना नीट कळावं म्हणून मी फळ्यावर यादी करायला घेतली. सगळे जीव म्हणजे कोण कोण? कुत्रा आला, मांजर आलं, वसंतात डोक्यावर झेप घेणारा मॅगपाय आला, हो-नाही करत रेडबॅक कोळीसुद्धा आला. मग अकरा वर्षांच्या एका मुलाने विचारलं, “काका, आणि एलियन? एलियन आला तर त्याला टच करायचं का?”

मी इंजिनिअर माणूस. लगेच उत्तर दिलं, “नाही. आधी क्वारंटाइन. त्याच्या अंगावर कोणते जंतू आहेत ते आपल्याला माहीत नाही, आणि आपले जंतू त्याला सोसतील का, तेही माहीत नाही.” वर्गात इंग्रजीच जास्त चालते, म्हणून मी तेच पुन्हा मराठीत सांगितलं, “म्हणजे त्याला शिवायचं नाही.”

मागच्या खुर्चीवर एका मुलीची आजी बसली होती, यवतमाळकडून सहा महिन्यांसाठी आलेली. तोपर्यंत ती गप्प होती. ती म्हणाली, “अन् किती दिवस ठेवता त्याले तसं?”

मुलं हसली, मीही हसलो. घरी जाताना गाडीत मात्र मला हसू आलं नाही. “शिवू नको” हे दोन शब्द माझ्या आजीने आयुष्यभर ऐकले, आणि मी ते धम्मवर्गात उभा राहून, ज्यांना ते कधी ऐकावे लागले नाहीत अशा मुलांना शिकवून आलो होतो.

तुम्ही म्हणाल, एवढ्याशा गोष्टीवर लेख कशाला? त्याचं कारण २०२० साल आहे. तेव्हाचे व्हॉट्सअ‍ॅपवरचे संदेश तुम्हालाही आठवत असतील. सोवळं-ओवळं म्हणजे पूर्वजांचं सोशल डिस्टन्सिंग, लांबून नमस्कार म्हणजे विज्ञान, दुसऱ्याच्या हातचं न खाणं म्हणजे आरोग्यशास्त्र. माझ्या एका जुन्या वर्गमित्राने असाच एक संदेश मला अगदी निरागसपणे पाठवला. मी त्याला फार कडक उत्तर लिहिलं. पण खरं सांगायचं तर माझ्याकडे तेव्हा राग होता, युक्तिवाद नव्हता. रोगाच्या भीतीने माणसाला लांब ठेवणं योग्य असेल, तर विटाळ मानणाऱ्यांनी वेगळं काय केलं? “त्यांचं खोटं होतं, आमचं खरं आहे” एवढं म्हणून भागत नाही. फरक दाखवता यायला हवा. आणि तो दाखवायला परग्रहावरच्या जिवाचं उदाहरण चांगलं आहे, कारण तिथे जात नाही, धर्म नाही, जुना हिशेब नाही. फक्त एक अनोळखी जीव आहे आणि आपण आहोत.

आधी बघू, भीतीला काही आधार आहे का. बराचसा नाही. रोग जडायला सोयरीक लागते. संत्र्याच्या झाडाला डिंक्या होतो, तो बागेत राबणाऱ्या माणसाला होत नाही, कारण झाड आणि माणूस आतून फार वेगळे आहेत. विषाणूला तर आपल्या पेशीतली यंत्रणा वापरूनच स्वतःच्या प्रती काढाव्या लागतात. ती यंत्रणा ओळखायला तो आपल्याच जीवसृष्टीत लाखो वर्षं वाढलेला असावा लागतो. मंगळावरचा एखादा सूक्ष्मजीव पहिल्याच भेटीत आपल्याला सर्दी देईल, ही शक्यता फार कमी.

पण शून्य नाही, आणि त्याचं कारण आपल्या घराजवळचं आहे. २०२४ च्या हिवाळ्यात मेलबर्नच्या पश्चिम भागात लिजिओनेअर्स रोगाची साथ आली होती. उगम सापडला लॅव्हर्टन नॉर्थमधल्या एका कूलिंग टॉवरमध्ये, आपल्यापासून पंधरा-वीस मिनिटांवर. शंभरावर लोक आजारी पडले, मृत्यूही झाले. या रोगाचा जिवाणू मुळात पाण्यात राहतो, तिथल्या अमीबांमध्ये वाढतो. त्याला माणसाची गरज नाही, माणसाशी वैर तर नाहीच. तो चुकून फुप्फुसात शिरतो आणि तिथे त्याला सोयीचं वाटतं. अनोळखी जीव असा चुकूनही मारू शकतो.

दुसरी गोष्ट याहून विचित्र आहे. आपल्या प्रथिनांचे घटक, म्हणजे अमिनो आम्लं, जवळजवळ सगळी ‘डावखुरी’ असतात. डावा आणि उजवा हात एकमेकांवर तंतोतंत बसत नाहीत, तशी या रेणूंचीही दोन रूपं असतात आणि पृथ्वीवरच्या जीवनाने एकच निवडलं आहे. २८ सप्टेंबर १९६९ रोजी इथल्याच व्हिक्टोरिया राज्यात मर्चिसन गावाजवळ उल्का पडली. तिच्यात अमिनो आम्लं सापडली, डावी आणि उजवी दोन्ही. म्हणजे कच्चा माल बाहेरही आहे, आणि उजव्या हाताचं जीवन निदान कल्पनेत तरी शक्य आहे. डिसेंबर २०२४ मध्ये ३८ शास्त्रज्ञांनी ‘सायन्स’ नियतकालिकात इशारा दिला की प्रयोगशाळेत असे ‘आरशातले’ जिवाणू कुणी बनवू नयेत. आपली प्रतिकारशक्ती अशा जिवाणूला ओळखणारच नाही आणि तो मोकळा वाढेल, ही त्यांची भीती. यातले काही जण आधी याच दिशेने संशोधन करणारे होते. परग्रहावरचा जीव आकाशातूनच यायला हवा असं नाही, तो आपल्या टेबलावरही तयार होऊ शकतो.

तेव्हा सावधगिरीला कारण आहे. आता आजींचा प्रश्न. किती दिवस?

अपोलो ११ च्या अंतराळवीरांच्या बाबतीत उत्तर होतं, २१. चंद्रावरून निघाल्यापासून मोजून एकवीस दिवस. २४ जुलै १९६९ रोजी ते समुद्रात उतरले आणि १० ऑगस्टला बाहेर आले. मधल्या काळात ते आधी एका बंद डब्यात आणि मग ह्यूस्टनच्या प्रयोगशाळेत होते. साऱ्या जगाने डोक्यावर घेतलेली ती तीन माणसं काचेआड होती, अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष खिडकीबाहेर उभे राहून त्यांच्याशी बोलले. इकडे चंद्रावरची धूळ उंदरांना, लावा पक्ष्यांना, माशांना आणि झुरळांनाही देऊन काय होतं ते तपासत होते. (पहिल्या शीलाच्या दृष्टीने या प्राण्यांचं काय, हा वेगळा प्रश्न आहे. बाबासाहेबांनी मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत केलेला फरक तिथे लावून पाहावा लागेल. मला तो पूर्ण सुटलेला नाही.) काही सापडलं नाही. अपोलो १२ आणि १४ नंतरही तेच दिसलं, आणि अपोलो १५ पासून हे विलगीकरण बंदच करून टाकलं. कारण संपलं, नियम संपला.

आमच्या कामातही असंच असतं. मी नेटवर्क सुरक्षेत काम करतो. अनोळखी फाइल आली की ती थेट उघडत नाही, आधी सँडबॉक्समध्ये, म्हणजे एका बंदिस्त जागेत चालवून पाहतो. तिथे काय बघायचं, किती वेळ बघायचं आणि कोणत्या निकालावर सोडायचं, हे आधीच लिहिलेलं असतं. त्याला आम्ही एक्झिट क्रायटेरिया म्हणतो. उद्या एखाद्याने नियम केला की अमुक पत्त्यावरून आलेली फाइल चाचणीत कितीही स्वच्छ निघाली तरी कायम बंदच ठेवायची, तिची मुलं-नातवंडंही बंद ठेवायची, तर वरिष्ठ पहिला प्रश्न विचारतील, “कशाच्या आधारावर?” तो प्रश्न भारतात दोन हजार वर्षं कुणी ऐकून घेतला नाही.

पण माझ्या वर्गमित्राला द्यायचं खरं उत्तर महाडला आहे. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी आणि हजारो सत्याग्रहींनी चवदार तळ्याचं पाणी घेतलं. त्यानंतर तिथल्या सवर्णांनी शेण, गोमूत्र, दूध आणि दही यांचं मिश्रण १०८ घागरींनी तळ्यात ओतून ते ‘शुद्ध’ केलं. आता याला आरोग्यशास्त्राच्या तराजूत घाला. हात लावण्याआधी पाण्यात काय होतं आणि नंतर काय आलं, हे कुणी पाहिलं? १०८ घागरींनी काय मेलं? शंभरांनी भागलं नसतं का? त्याच तळ्यावर गुरं पाणी पीत होती, परधर्माची माणसंही पाणी भरत होती, तेव्हा पाणी बिघडत नव्हतं. प्यायच्या पाण्यात शेण कालवणाऱ्याला आरोग्याची चिंता होती, असं मानायला फार श्रद्धा लागते.

याच्याशेजारी १९७५ साल ठेवा. नासाची दोन व्हायकिंग यानं मंगळाकडे निघाली. आपले जंतू तिथे जाऊ नयेत म्हणून ती याने बंद भट्टीत सुमारे १११ अंश सेल्सियसला तीस तासांच्या आसपास भाजून काढली. त्याआधी त्यांच्यावर किती जिवाणूबीजं आहेत ते मोजलं होतं आणि भाजल्यावर किती उरतील याचं गणित मांडलं होतं. शुद्धीची भाषा दोन्हीकडे आहे. एकीकडे आकडा येतो मोजमापातून, दुसरीकडे जपमाळेतून.

एवढ्यावर थांबलो तर मात्र आपणच आपली पाठ थोपटल्यासारखं होईल. विज्ञानाच्या नावाने केलेलं सगळंच बरोबर असतं का? अपोलो ११ चंच घ्या. एवढी कडक व्यवस्था, पण यान समुद्रात पडल्यावर दार तिथेच उघडावं लागलं. आतली हवा प्रशांत महासागरावर मोकळी झाली, अंतराळवीर बाहेर येऊन रबरी तराफ्यात बसले. आत खरंच काही असतं तर ते तेव्हाच सुटलं असतं. पुढचे दिवस थोडे देखाव्याचेच होते म्हणा ना.

आणि आपल्या मराठी माणसाचं उदाहरण घ्यायचं तर डॉ. जयंत नारळीकर. त्यांचं निधन २० मे २०२५ रोजी पुण्यात झालं, तेव्हा आपल्यातल्या अनेकांनी त्यांच्या विज्ञानकथांची आठवण काढली. त्यांच्या या कामाची आठवण फारशी निघाली नाही. सूक्ष्मजीव अंतराळातून पृथ्वीवर येत असावेत का, हे पाहायला इस्रोच्या पाठबळावर २००१ मध्ये आणि पुन्हा २० एप्रिल २००५ रोजी हैदराबादहून प्रचंड फुगा सोडला गेला. २० ते ४१ किलोमीटर उंचीवरची हवा निर्जंतुक केलेल्या पोलादी नळकांड्यांत गोळा केली. नळकांडी द्रवरूप निऑनमध्ये बुडवलेली होती, म्हणजे विरळ हवा आपोआप आत ओढली जाईल. नमुने दोन ठिकाणी वेगवेगळे तपासले, हैदराबादच्या सीसीएमबीत आणि पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रात. १२ जिवाणूंच्या आणि ६ बुरशींच्या वसाहती वाढल्या. त्यांत तीन जिवाणू नवे निघाले. एकाला फ्रेड हॉईल यांचं नाव दिलं, एकाला इस्रोचं, एकाला आर्यभटाचं. जवळच्या भाऊबंदांपेक्षा ते अतिनील किरणांना जास्त टिकाव धरत होते.

म्हणजे काही काळ पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत परग्रहावरचे म्हणवले जाऊ शकतील असे जिवाणू बशीत वाढत होते. इस्रोने मार्च २००९ मध्ये जाहीर केलं तेव्हा स्पष्ट म्हटलं की ते पृथ्वीबाहेरचे असल्याचं यातून निर्णायकपणे सिद्ध होत नाही. मला हे वाक्य फार आवडतं. हवं ते उत्तर हाताशी असताना हात आवरता घेणं सोपं नसतं. नारळीकरांनाही ते प्रत्येक वेळी जमलं असं नाही. २००३ मध्ये सार्सची साथ आली तेव्हा तिचा विषाणू अंतराळातून आला असावा, असं सुचवणारं पत्र ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं, त्याच्या तीन लेखकांत ते एक होते. पुढे तो विषाणू वटवाघळं आणि उदमांजरांपर्यंत माग काढून पोचवला गेला. फलज्योतिषाची संख्याशास्त्रीय चाचणी घेणारा माणूसही चुकू शकतो, आणि त्याची चूक त्याच्याच पद्धतीने दाखवता येते. कालामांना तथागतांनी जे सांगितलं त्यात गुरूच्या शब्दालाही सूट नव्हती.

आता एक तारीख सांगतो. ६ डिसेंबर २०२०. तुम्हाला ती वेगळ्या कारणाने आठवेल. त्या वर्षी चैत्यभूमीवर गर्दी करू नका, घरूनच अभिवादन करा, असं सांगावं लागलं होतं. आम्ही इथून पडद्यावर बाबासाहेबांच्या प्रतिमेसमोर हात जोडले. त्याच दिवशी पहाटे दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या वूमेराच्या वाळवंटात जपानच्या हायाबुसा-२ ची कुपी उतरली. तिच्यात रयुगू नावाच्या लघुग्रहावरचे ५.४ ग्रॅम खडे होते. कुपी शोधायला आलेल्या जपानी चमूला ऑस्ट्रेलियात आल्यावर आधी विलगीकरणात राहावं लागलं होतं. दगडाला मात्र तशी अट नव्हती. अशा लघुग्रहांवर जीवन असण्याची शक्यता नसल्यासारखीच, असं तज्ज्ञांनी आधीच ठरवलं होतं. गंमत पुढे आहे. २०२४ मध्ये लंडनच्या इम्पीरियल कॉलेजच्या संशोधकांनी जाहीर केलं की त्यातल्या एका कणावर त्यांना सूक्ष्मजीव दिसले. पण ते रयुगूचे नव्हते, पृथ्वीवरचेच, इथे आल्यावर चढलेले. एवढी काळजी घेऊनही काही दिवसांत त्यांनी दगडावर बस्तान बसवलं होतं. संसर्ग झाला तो आपल्याकडून त्याला.

त्यानंतर पाच महिन्यांनी आपल्या सगळ्यांवर जे आलं, त्यावर मला थोडं थांबायचं आहे. भारतात दुसरी लाट होती. ३ ते १५ मे २०२१ या काळात, आधीच्या १४ दिवसांत भारतात राहिलेल्या कुणालाही ऑस्ट्रेलियात यायला बंदी झाली, तो इथला नागरिक असला तरी. मोडल्यास ६६,६०० डॉलरपर्यंत दंड किंवा पाच वर्षांपर्यंत कैद. परतायला नाव नोंदवलेले सुमारे नऊ हजार लोक तिकडे होते. पॉइंट कुकमध्ये असं घर शोधावं लागलं असतं ज्यातलं कुणी तिकडे नव्हतं.

आपल्या मंडळात तेव्हा दोन तट पडले. काही म्हणाले, ही सरळ अस्पृश्यता आहे. मी दुसऱ्या बाजूला होतो. डार्विनजवळच्या विलगीकरण केंद्रात भारतातून आलेल्यांत बाधितांचं प्रमाण वाढत होतं, जागा मर्यादित होती, आणि बंदीला शेवटची तारीख होती. त्या तारखेला ती उठलीही. आजही मी तिला अस्पृश्यता म्हणणार नाही. आजीबाईंच्या प्रश्नाला तिच्याकडे उत्तर होतं, तेरा दिवस. पण तेव्हा मी एक प्रश्न विचारला नाही, तो मला आता टोचतो. अमेरिका आणि ब्रिटनमध्ये त्याआधी भयंकर लाटा आल्या, तेव्हा तिथून येणाऱ्या नागरिकाला कैदेची धमकी का नव्हती? विषाणू तोच, घाबरवण्याची पद्धत मात्र वेगळी.

मेलबर्नमध्येच ४ जुलै २०२० रोजी फ्लेमिंग्टन आणि नॉर्थ मेलबर्नच्या नऊ सरकारी इमारतींतले सुमारे तीन हजार रहिवासी, बहुतेक स्थलांतरित आणि गरीब, पूर्वसूचना न देता पोलिसांच्या पहाऱ्यात कोंडले गेले. राज्याच्या लोकपालांनी त्याच वर्षी डिसेंबरमध्ये अहवाल दिला की लॉकडाउनला आरोग्याचं कारण होतं, पण ते त्याच क्षणी लादणं मानवाधिकारांना धरून नव्हतं. बाकीच्या उपनगरांना सामान भरायला तरी वेळ मिळाला होता. विटाळ असाच परत येतो. तो विज्ञानाचं ओळखपत्र गळ्यात घालून येतो, आणि ते ओळखपत्र बहुतेक वेळा खरंही असतं.

१८९७ च्या प्लेगमध्ये हे फार जवळून दिसलं. मुंबईत जातवार, समाजवार प्लेगची इस्पितळं निघाली. रोगापासून वेगळं ठेवायचं, पण त्यातही जात जातीपासून वेगळी. त्याच साथीत पुण्यात सावित्रीबाई फुले मुंढव्याच्या महारवाड्यातून प्लेग झालेल्या मुलाला पाठीवर घेऊन यशवंतरावांच्या दवाखान्यात आल्या, आणि १० मार्च १८९७ रोजी त्याच रोगाने गेल्या. मला पूर्वी वाटायचं की ही गोष्ट विलगीकरणाच्या विरुद्ध आहे. नीट पाहिलं तर तसं नाही. त्या मुलाला त्यांनी गावात नेलं नाही, गावाबाहेरच्या दवाखान्यात नेलं. धोका त्यांनी पत्करला तो स्वतःच्या पाठीवर. दुसऱ्या कुणाच्या नाही.

मंगळाच्या बाबतीत हीच गोष्ट उलटी होते. नासाची पर्सिव्हरन्स गाडी १८ फेब्रुवारी २०२१ रोजी तिथे उतरली आणि खडकांचे नमुने नळ्यांत भरते आहे. त्यातल्या एका खडकावर जुन्या सूक्ष्मजीवांच्या असू शकतील अशा खुणा दिसल्याचं सप्टेंबर २०२५ मध्ये ‘नेचर’मध्ये आलं. या नळ्या पृथ्वीवर आणायच्या की नाही, यावर मुख्य भांडण पैशाचं झालं. चीनचीही २०२८ च्या सुमारास निघणारी मोहीम ठरली आहे. नमुने आले तर ते सर्वांत कडक बंदोबस्ताच्या प्रयोगशाळेत ठेवावे लागतील, जशी पुण्याच्या एनआयव्हीत एक आहे, आणि आपल्याकडून तासाभरावर जिलॉंगला आहे. निसटण्याची शक्यता दहा लाखांत एकाहून कमी असावी, अशी मर्यादा तज्ज्ञांनी सुचवली आहे. माझी आकड्यांबद्दल तक्रार नाही, इंजिनिअर म्हणून तो आकडा मला चांगला वाटतो. पण ज्ञानाचं श्रेय जाणार दहा-वीस संस्थांना, आणि तो दहा लाखांतला एक आला तर तो यवतमाळच्या आजीच्याही वाट्याला येणार. तिला कुणी विचारलेलं नाही. सावित्रीबाईंनी स्वतःला विचारलं होतं.

आणि मंगळाला कोण विचारणार? १९६७ च्या अंतराळ कराराचं नववं कलम दोन्ही बाजू धरतं. बाहेरून आणलेल्या पदार्थाने पृथ्वी बिघडू नये, आणि आपल्यामुळे तिकडचं जग बिघडू नये. अस्पृश्यतेचे नियम कधीही असे दुहेरी नव्हते. वरच्याचा विटाळ खालच्याला होतो, म्हणून खालच्याला जपा, असं कोणत्या स्मृतीत आहे? आपण परग्रहावरच्या जिवाची गोष्ट सांगतो तेव्हा नेहमी आपण बळी असतो. एच. जी. वेल्सच्या १८९८ च्या कादंबरीत मंगळवासी लंडन उद्ध्वस्त करतात आणि शेवटी आपल्याच जंतूंनी मरतात. पण त्याच वेल्सने सुरुवातीला टास्मानियाच्या मूळनिवासींची आठवण करून दिली आहे. एप्रिल १७८९ मध्ये, इंग्रजांची जहाजं येऊन सव्वा वर्ष होतं न होतं तोच, सिडनीच्या आसपासच्या मूळनिवासींत देवीची साथ पसरली. गव्हर्नर फिलिपच्या अंदाजाने तिथले निम्मे लोक गेले. तिथे आकाशातून उतरलेले कोण होते?

आपण राहतो ती पॉइंट कुकची जमीनही कुणाची तरी होती. आपण ती घेतली नाही, घेतलेल्यांकडून कर्ज काढून विकत घेतली, पण आलो आपणही बाहेरूनच. इथल्या विमानतळावर शेतातली माती लागलेले बूट आणि आईने बांधून दिलेली ओली हळद कचऱ्यात जाते तेव्हा मी पूर्वी चिडायचो. आता कमी चिडतो. ती तपासणी सगळ्यांच्या बॅगेची होते, आणि दहा मिनिटांत संपते.

पुढच्या रविवारी मी आजींना मुद्दाम शोधून सांगितलं, “आजी, एकवीस दिवस. चंद्रावरून आलेल्यांना तेवढेच ठेवलं होतं.”

त्यांनी विचार केला. “अन् मंग?”

“मग तपासलं, काही नव्हतं, सोडलं.”

“त्याईले जेवाले कोन देत होतं? हातात देत का वरून टाकत?”

याचं उत्तर मला माहीत होतं, पण वर्गात सांगायचं सुचलं नव्हतं. त्या बंद डब्यात तीन अंतराळवीरांबरोबर एक डॉक्टर आणि एक इंजिनिअर स्वतःहून आत जाऊन राहिले होते. तिथेच जेवत, तिथेच झोपत. अंतराळवीर जितके दिवस आत होते तितके दिवस तेही आत होते.